फक्त प्रार्थनेसाठी

वहिनींनी "माझे धाकटे दीर" असे म्हटले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. त्याचेही. गुरुवारची घरगुती प्रार्थनासभा होती, खुर्च्या भिंतींना लावून गोल केलेल्या होत्या आणि प्रार्थना नेहमीप्रमाणे एकेकाच्या तोंडून पुढे सरकत होती. प्रार्थना करताना वहिनींचा आवाज थोडा थोडा वर चढत जातो. "दयाळू पित्या," त्या म्हणाल्या, "माझे धाकटे दीर आज एकटे आहेत. त्यांची बायको त्यांना सोडून बहिणीकडे निघून गेलीय, बापा. बहीण आजारी नाही. तुला सगळं ठाऊक आहे. तिचं मन वळव, यांचा संसार सावर." पुढेही काही होते, पण ते त्याला ऐकू आले नाही. त्याला ऐकू आली ती खोली. डोळे मिटून पेंगत बसलेली माणसे एकदम जागी झाली की खुर्च्या कशा कुरकुरतात ते त्याला त्या दिवशी कळले. कोणीतरी "होय, प्रभू" असे पुटपुटले, आणि त्या पुटपुटण्यात उत्सुकता होती. त्याने डोळे आणखी घट्ट मिटून घेतले. सभा संपूच नये, म्हणजे कोणाला डोळे उघडावे लागणार नाहीत, असे त्याला वाटत होते. देवाला सगळे ठाऊक आहे हे तर वहिनींनी स्वतःच सांगितले. मग बहिणीच्या तब्येतीचा एवढा खुलासा कोणासाठी चालला होता? हा प्रश्न त्याच्या अगदी ओठांपर्यंत आला, आणि नेहमीप्रमाणे त्याने तो गिळला.

गिळण्यात त्याचा हात कोणी धरू शकले नसते. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, त्याला लहानपणापासून घुम्या म्हणायचा, आणि चर्चच्या मंडळीतही तेच नाव रुळले होते. पण घुम्या जन्मतः घुम्या नव्हता. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, एकदा बाईंनी सांगितले होते की माणसाने बोललेला प्रत्येक फुकट शब्द न्यायाच्या दिवशी त्याच्यापुढे मांडला जाणार आहे. बाकीची मुले ते ऐकून बाहेर पडली आणि पाच मिनिटांत अंगणात आरडाओरडा करू लागली. तो मात्र घरी येईपर्यंत गप्प होता. त्याने मनातल्या मनात एक मोठे मैदान पाहिले, त्यावर लोकांच्या शब्दांचे डोंगर, आणि एका कोपऱ्यात त्याची स्वतःची अगदी छोटीशी, ओंजळीत मावेल अशी ढिगली. देवाचे काम लवकर आटोपेल. तेव्हापासून तो शब्द वाचवत आला. जिभेला हाड नसते, उचलली जीभ लावली टाळ्याला, असे लोक दुसऱ्यांबद्दल म्हणायचे तेव्हा त्याला आत कुठेतरी बरे वाटायचे. आपल्याबद्दल असे कोणाला म्हणता येणार नाही, एवढी एक शुद्धता आपल्यापाशी आहे, असे त्याने धरून ठेवले होते. आणि आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, त्याने तोंड उघडले होते ते वहिनींपाशी.

सभा संपली. चहा आला. आता सगळे त्याच्याशी नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत होते. पेटी वाजवणाऱ्या काकांनी त्याचा खांदा दाबला. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आम्ही प्रार्थनेत आहोत हं," आणि बिस्किटांची बशी त्याच्यापुढे धरून उभ्या राहिल्या, जणू एक बिस्कीट खाल्ले की बायको परत येणार होती. त्याने ते खाल्ले. वहिनी कोपऱ्यात पाळकीणबाईंच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोच्या, कानाशी लागल्या होत्या. त्यांचे शेवटचे शब्द त्याला चपला घालताना ऐकू आले. "कुणाला सांगू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी सांगते." हे वाक्य त्याने किती वर्षे ऐकले होते! या वाक्याच्या मागून मंडळीतल्या सगळ्या गोष्टी बाहेर पडायच्या. कोणाची मुलगी कोणाबरोबर फिरते, कोणाची नोकरी का गेली, कोण पुन्हा प्यायला लागला. बाहेर कोणी असे बोलले असते तर पाळकांनी त्याला चहाडी म्हटले असते, पण "हे पित्या" म्हणून सुरू झालेल्या आणि "आमेन" म्हणून संपलेल्या वाक्याला कोण काय म्हणणार? त्याला यात कधी काही वावगे वाटले नव्हते. आजवर ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती ते दुसरे लोक होते.

त्याचे काम दातांचे. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो कवळ्या बनवतो. पुढे डॉक्टर, खुर्ची, गुळण्यांचा आवाज. मागे तो, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. लोक तोंड उघडतात, डॉक्टर मसाल्यात ठसा घेतात, आणि ते तोंड पांढरे होऊन त्याच्याकडे येते. जबडे काही बोलत नाहीत, म्हणून त्याला ही खोली आवडायची. शुक्रवारी सकाळी मात्र तो कामाला बसला आणि फळीवरच्या सगळ्या तोंडांना आपली बातमी कळली आहे असे त्याला वाटले. दिव्यावर सुरी तापवून त्याने मेण कापले, दात बसवायला घेतले, आणि एक सुळा उलटा लावला. इतक्या वर्षांत असे झाले नव्हते. त्याने तो उपटला आणि हातात धरून बसून राहिला. मंडळीतल्या निम्म्या लोकांचे हसणे या खोलीत तयार झाले होते. पेटीवाल्या काकांचे वरचे सगळे दात त्याचे. मास्तरीणबाईंच्या दोन दाढा त्याच्या. खुद्द पाळकांच्या खालच्या ओळीत एक दात असा होता की तो सैल झाला की त्या रविवारचा उपदेश लवकर संपायचा, आणि मंडळी देवाचे आभार मानायची, का ते फक्त त्याला ठाऊक असायचे. यातले त्याने कोणाला, बायकोलासुद्धा, कधी सांगितले नव्हते. आणि वहिनींचे पुढचे चार दात.

काही वर्षांपूर्वीची ती दुपार. डॉक्टर जेवायला गेले होते. वहिनी मागच्या दाराने आल्या, तोंडावर पदर धरून, आणि स्टुलावर बसल्या. पदर काढला तेव्हा वरचा ओठ फाटलेला होता. रुमालात बांधून आणलेले दात त्यांनी टेबलावर ठेवले, मोडक्या बांगडीचे तुकडे ठेवावेत तसे. "बाथरूममध्ये पाय घसरला," त्या म्हणाल्या. त्यांच्या जबड्यावर बोटांची निळी खूण होती, आणि ती बोटे कोणाची ते ओळखायला त्याला दुसऱ्यांदा पाहावे लागले नाही. त्याच हातांनी त्याला सायकल शिकवली होती. पुढे ओठ बरा झाल्यावर त्याने मसाला कालवला, साचा वहिनींच्या तोंडात बसवला आणि दाबून धरला. घट्ट होईपर्यंत बोलायचे नसते, हलायचे नसते. वहिनी बोलल्या नाहीत, हलल्या नाहीत, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत राहिले आणि त्याच्या मनगटावर पडत राहिले. आई गेल्यावर याच बाईंनी त्याला शाळेत पाठवले होते, तापात उशाशी बसल्या होत्या, त्याच्या लग्नात करवलीसारख्या मिरवल्या होत्या. साचा काढल्यावर त्यांनी गुळणी केली आणि म्हणाल्या, "तुमचा दादा वाईट नाही, भाऊजी. हात तेवढा आवरत नाही त्यांना. कुणाला बोलू नका." तो बोलला नाही. दादालाही बोलला नाही. त्याच रविवारी दादा मंडळीचा वडील, म्हणजे तिच्या कारभाऱ्यांपैकी एक, म्हणून पुढे उभा राहिला आणि खड्या आवाजात म्हणाला, "बंधूंनो, जीभ सांभाळा. एका ठिणगीनं अख्खं रान पेटतं." तो तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता, आणि आपली जीभ किती सांभाळलेली आहे याचे त्याला, देवा, समाधान वाटले होते. नवे दात इतके बेमालूम बसले की लोक म्हणाले, पडल्याचा फायदाच झाला, वहिनी जास्त छान दिसतात. दादा पुढे आजारी पडून गेला, मोठा अंत्यविधी झाला, आणि वहिनी आपल्या चार दातांनिशी सभांमध्ये गाऊ लागल्या. दादा असताना त्या इतक्या बोलत नसत. तो गेल्यावर त्यांच्या तोंडात तीळ भिजेनासा झाला. त्याला ते समजत होते. बाई इतकी वर्षे तोंड दाबून बसलेली, आता बोलू दे की. फक्त त्यांनी बोलायला निवडले ते स्वतःचे काही नव्हते.

वहिनींपाशी तो बोलला ते याच खोलीत. त्या दातांची तार घट्ट करून घ्यायला आल्या होत्या, आणि सहज म्हणाल्या, "कधी येणार ती? तुमच्या खिडकीतलं झाड पार वाळलंय, भाऊजी. मी खालून जाताना बघते ना." त्या झाडाचे नाव निघाले आणि त्याच्या आतले काहीतरी सुटले. त्याने सांगून टाकले. बहीण आजारी नाही. ती गेलीय. येईन की नाही माहीत नाही म्हणाली. बायको जाताना भांडली नव्हती, त्यानेच तर तो घाबरला होता. बॅग भरताना ती शांतपणे म्हणाली होती, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत खडा टाकायचा आणि पाणी वाजायची वाट बघत बसायचं. मी फार वर्षं वाकून बसले हो. आता कंबर दुखते." त्यावर त्याला काही बोलता आले असते. राहा, एवढे म्हणायलाही फार श्वास लागत नाही. त्याने तिची बॅग जिन्याखाली नेऊन दिली. मदत केली. आणि लोकांना बहिणीच्या आजाराचे सांगितले. शब्द इतके जपणाऱ्या माणसाच्या ढिगलीत ते एक खोटे आता सगळ्यांत वर बसले होते. वहिनींनी तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. "माझ्या तोंडून जायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. त्या हाताखाली त्याला लहान झाल्यासारखे वाटले होते, आणि त्या रात्री तो कित्येक दिवसांनी गाढ झोपला होता.

रविवारी संध्याकाळी बायकोचा फोन आला. ती दर रविवारी करायची. तोच एक धागा उरला होता. गॅस भरून आणलात का, औषध घेता का, असे काहीबाही विचारायची, तो हो, नाही म्हणायचा. मागच्या रविवारी तर ती म्हणाली होती, "खिडकीतल्या झाडाला पाणी घाला, मी आल्यावर मला ते मेलेलं बघायचं नाही." मी आल्यावर. ते दोन शब्द त्याने आठवडाभर खिशात घेऊन फिरावेत तसे जवळ बाळगले होते. झाडाला तो रोज पाणी घालत होता, आणि त्याला एक हिरवा कोंब आला होता. ते तिला सांगायचे त्याने ठरवले होते. पण तिचा आवाज वेगळाच लागला. "पाळकीणबाईंचा फोन आला होता," ती म्हणाली. "अर्धा तास मला बायकोचं कर्तव्य समजावत होत्या. मंडळी माझ्यासाठी गुडघे टेकतेय म्हणे." तो म्हणाला, "मी..." ती म्हणाली, "इतक्या वर्षांत मला एक मनातली गोष्ट सांगितली नाहीत. आणि त्यांना सगळी सांगितलीत." "मी नाही, वहिनींनी..." "वहिनींना कुणी सांगितलं?" कोंबाचे सांगायचे राहून गेले. ती म्हणाली, "आता मी कुठल्या तोंडानं येऊ तिथं? प्रत्येक बाई माझ्याकडे बघेल ती स्वतःच्याच प्रार्थनेचं उत्तर बघितल्यासारखी." आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी करीन, असे ती नेहमी म्हणायची. ते तिने म्हटले नाही.

राग म्हणजे काय ते त्याला त्या आठवड्यात समजले. राग त्याला फारसा ठाऊकच नव्हता, आणि आता त्या रागासकट तो मेण कापत होता, प्लॅस्टर ओतत होता, चाकावर दात चमकवत होता. त्यातच वहिनींचा फोन आला. येत्या गुरुवारची सभा त्यांच्या घरी होती. दादाला जाऊन वर्ष होत होते, म्हणून आठवणीची सभा. "शेवटची प्रार्थना तुम्हीच करा, भाऊजी. सख्खा भाऊ तुम्ही. तुमच्या दादाच्या आयुष्याबद्दल आभार माना." त्यांच्या आवाजात कसलाही अपराध नव्हता. आपण काही केले आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि म्हणूनच त्याला ते सहन होईना. तो बरे म्हणाला. आणि फोन ठेवल्याबरोबर ती प्रार्थना त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाली. हे पित्या, आमच्या वहिनींना तू केवढं सोसायचं बळ दिलंस. ज्या हातांनी त्यांचे दात पाडले त्या हातांना तू क्षमा कर. त्यांचं हसणं ज्यानं त्यांना परत दिलं त्याला तू कौशल्य दिलंस, म्हणून आभार. शब्द न शब्द खरा. शब्द न शब्द नम्र. कोणी बोट ठेवू शकले नसते. फक्त प्रार्थनेसाठी. काम करता करता तो ती घोटत राहिला, खरखरीत जागा घासून काढत राहिला, आणि बुधवारपर्यंत ती इतकी गुळगुळीत झाली होती की ती आपण केली आहे हेच त्याला खरे वाटेना. इतकी सुंदर प्रार्थना त्याने आयुष्यात कधी केली नव्हती. या विचाराने त्याला चाकाची मोटार बंद करावी लागली. खोली एकदम शांत झाली. फळीवरचे जबडे त्याच्याकडे तोंड करून बसले होते. कितीही वाईट गोष्ट पित्याच्या नावाने घासली की चमकते, हे वहिनींनाही असेच कळले असेल का? की त्यांना घासावीही लागली नसेल? तो उद्या जायचेच नाही असे ठरवून घरी गेला, आणि झाडाला पाणी घातले.

पण गेला. वहिनींची खोली भरली होती. दादाचा फोटो भिंतीवरून सगळ्यांकडे प्रसन्नपणे पाहत होता. दादाचा मुलगा आणि सून शेजारी शेजारी बसले होते. मुलगा बापाच्या आठवणीने आधीच डोळे पुसत होता. वहिनींनी त्याला आपल्या शेजारची खुर्ची दिली. गीत झाले. मग डोळे मिटले गेले आणि प्रार्थना फिरू लागली. काकांनी दादाच्या उदारतेबद्दल आभार मानले. मास्तरीणबाईंनी त्याच्या विश्वासाच्या साक्षीबद्दल. पाळक म्हणाले, असा पती, असा पिता विरळा. प्रत्येक वाक्याबरोबर त्याच्या घशातली ती गुळगुळीत गोष्ट वर वर येत होती. दादा शेवटच्या आजारात बिछान्यावर त्याचा हात धरून पडायचा, काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्याला काही सांगायचे असेल का? आणि याने विचारले का नाही? न्यायाच्या दिवशी मैदानाच्या दुसऱ्या बाजूला न बोललेल्या शब्दांचेही डोंगर असतील तर? दादा, तिच्या अंगाला हात लावू नकोस. एवढे एक वाक्य. राहा, एवढा एक शब्द. ती सगळी त्याची ढिगली, ओंजळीत न मावणारी. पाळक थांबले. आता त्याची पाळी होती. त्याने तोंड उघडले. "पित्या," तो म्हणाला, "आमच्या वहिनींना तू..." आणि थांबला.

शेजारी एक बारीकसा आवाज झाला होता. टक. मग पुन्हा, टकटक. दुसऱ्या कोणाला तो ऐकूही आला नसता. पण तो आवाज त्याने बनवला होता. काही वर्षांनी हिरडी झिजते, दातांची पट्टी सैल होते, आणि जबडा थरथरला की पट्टी टाळ्यावर आपटते. वहिनींचा जबडा थरथरत होता. त्यांना कळले होते. "आमच्या वहिनींना तू" एवढ्या तीन शब्दांत त्यांना कळले होते की तो काय बोलू शकतो, आणि कदाचित त्याच क्षणी, मागच्या गुरुवारी आपण काय केले तेही. त्यांनी त्याचा हात धरला नाही, खोकल्या नाहीत, मिटल्या डोळ्यांनी तशाच बसून राहिल्या, साचा घेताना स्टुलावर बसल्या होत्या तशा, त्याचा हात तोंडात असताना. टकटक. टकटक. त्याचा राग कुठे गेला ते त्याला कळले नाही. नुसते रडू उरले.

"वहिनींना तू विसावा दे," तो म्हणाला. आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. "दादाचं सगळं तुला ठाऊक आहे. त्याला मी एक गोष्ट बोलायला हवी होती, ती मी बोललो नाही. त्याची मला क्षमा कर." "आणि माझी बायको गेलीय. बहीण आजारी आहे असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. तिच्यात काही दोष नाही. तिचं मन वळव असं मी मागत नाही. मी तिच्याशी बोललो नाही, बापा. वर्षानुवर्षं बोललो नाही. आणि मला वाटायचं, मी जीभ सांभाळतोय." पुढे त्याला काही सुचेना. आमेन म्हणायचेही त्याला आठवेना, ते शेवटी पाळकांनी म्हटले.

स्वयंपाकघरात वहिनी कप विसळत होत्या. नळ वाहत होता, त्या आवाजात त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही बोलणार."

"मलाही."

"मग?"

"तुमचे दात वाजले."

त्यांनी ओला हात तोंडावर नेला. आधी त्यांना हसू आले, आणि हसता हसता खांदे हलायला लागले ते थांबेनात. त्याने नळ बंद केला. "सैल झालेत," तो म्हणाला. "उद्या या, नवी पट्टी करून देतो. आणि वहिनी, पुढच्या दारानं या."

"भाऊजी, मी तिला फोन करते," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आत्ता करते. माझंच चुकलं असं सांगते, सगळं नीट समजावून..."

"नको," तो म्हणाला. "त्यांचं चुकलं, यांचं चुकलं, पुष्कळ झालं. तो फोन माझा आहे."

तो रस्त्यावर आला. दुकाने अजून उघडी होती, माणसे पिशव्या घेऊन घरी चालली होती, आणि कोणालाच त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हते. त्यामुळे त्याला आज एकाकी वाटले. बंद बँकेच्या पायरीवर तो बसला आणि त्याने नंबर लावला. आज गुरुवार होता, फोनचा दिवस नव्हता. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग ती थांबली, आणि पलीकडून श्वास ऐकू आला. तिचे पुष्कळ वर्षे बोलून झाले होते.

"मी आहे," तो म्हणाला. "झाडाला कोंब आलाय." त्यापुढे काय बोलायचे ते त्याला ठाऊक नव्हते. पण त्याने तोंड मिटले नाही.